बी.एस्सी. गणित, नाशिक: संशोधनाची सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नरहून रोज एसटीने नाशिकला कॉलेजला येणारी, एस.वाय.बी.एस्सी.ला गणित घेतलेली एक विद्यार्थिनी विचारते: पदवी हातात पडायच्या आत संशोधन करायची संधी कुठे मिळते? कॉलेजात संशोधन करणारं कुणी दिसत नाही. 'पेपर' असल्याशिवाय मोठ्या संस्था दारात उभं करत नाहीत, असं सीनियर सांगतात. आणि एक ऑनलाइन कंपनी पाच हजारांत सहा आठवड्यांची 'रिसर्च इंटर्नशिप', सर्टिफिकेट आणि नावासकट छापील पेपर देते म्हणते. पैसे भरू का? शिवाय नव्या चार वर्षांच्या पदवीतलं चौथं वर्ष करू की तीन वर्षांनी एम.एस्सी.ला जाऊ, हेही विचारलं आहे.

मी नाशिकमध्येच बरीच वर्षं पदवीच्या वर्गांना गणित शिकवतोय. असे प्रश्न घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी स्टाफरूमच्या दाराशी येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशांचं. भरू नकोस. अशा ठिकाणी छापून येणारा पेपर गणित कळणारं कुणी वाचत नाही, आणि वाचलाच तर तुझ्याबद्दल बरं मत होत नाही. सहा आठवड्यांत एस.वाय.च्या मुलीकडून गणितातला नवा निकाल निघेल असं जो पैसे घेऊन सांगतो, त्याला एक तर गणित माहीत नाही किंवा तुला ते माहीत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आता ती 'पेपर लागतो' ही समजूत. आयआयटीत एम.एस्सी.ला जायचं तर जॅम या प्रवेश परीक्षेचे गुण बघतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट (आयएसआय) स्वतःच्या प्रवेश परीक्षा घेतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) लेखी परीक्षा असते, मग मुलाखत. या मुलाखतींत पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'तुला कुठला विषय आवडतो?' हाच असतो. तू 'लिनिअर अल्जेब्रा' म्हणालीस की पुढची वीस-पंचवीस मिनिटं तेवढ्यावरच जातात, आणि बायोडेटातल्या पेपरचा विषयही निघत नाही. निघाला तर तो पेपर फळ्यावर समजावून सांगावा लागतो. विकतचा पेपर तिथेच उघडा पडतो.

म्हणजे तुझा खरा प्रश्न 'पेपर कुठे छापू' हा नाहीच. ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे दिलेलं नाही असा प्रश्न घेऊन महिना-दोन महिने बसायची सवय कुठे लागेल, आणि तेव्हा 'हे का?' असं विचारणारं माणूस कुठे भेटेल, हा तुझा प्रश्न आहे. तो नाशिकमध्ये बसूनही बराचसा सुटतो.

गणिताची एक अडचण मात्र मान्य करायला हवी. रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेत गेला की त्याला काहीतरी काम मिळतं. नमुने तयार करायचे, नोंदी ठेवायच्या, आणि मोठ्या कामाचा एक तुकडा म्हणून तोही उपयोगाचा असतो. गणितात असं हाताखालचं काम फारसं नसतं. आजच्या संशोधनाच्या प्रश्नापर्यंत पोचायलाच चार-पाच विषय पक्के लागतात. म्हणून उन्हाळ्यात मोठ्या संस्थेत गेलेल्या गणिताच्या मुलांचा 'प्रोजेक्ट' बहुतेक वाचनाचाच असतो. एक पुस्तक किंवा एक जुना शोधनिबंध घ्यायचा, ओळ न ओळ समजून घ्यायची, गाळलेल्या पायऱ्या भरायच्या आणि आठवड्यातून एक-दोनदा फळ्यावर सांगायचं. याला कमी समजू नकोस. पदवीच्या वयात गणितातलं संशोधन बहुतेकदा असंच दिसतं. तुझ्या कॉलेजातही संशोधन करणारं कुणी असेल तर ते कोपऱ्यात कागद घेऊन बसलेलं असणार, यंत्राजवळ नव्हे. पीएच.डी. झालेले किती शिक्षक आहेत आणि कुणी कशात केली, हे एकदा विचारून तर बघ.

नवं काहीतरी शोधल्याचा अनुभव घ्यायला एवढ्या तयारीची गरज नसते, हेही खरं. आपण नाशिककर या बाबतीत नशीबवान. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म १९४९ मध्ये मांडला. तो तू ऐकलाच असशील: चार अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या क्रमाने लाव, वजाबाकी कर, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच कर (उत्तरात अंक कमी पडले तर पुढे शून्य लावून). जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतं. आपल्याकडे हे गणित-दिनाला टाळ्या घेण्यासाठी सांगतात आणि तिथेच सोडून देतात. मी विद्यार्थ्यांना त्याच्या पुढे ढकलतो: तीन अंकांत काय होतं?

करून बघितलंस तर ४९५ येत राहील. हजारभर संख्या संगणकावर तपासून 'नेहमी येतं' म्हणणं ही सुरुवात झाली. 'का येतं?' इथून गणित सुरू होतं. सर्वांत मोठा अंक वजा सर्वांत लहान अंक, या फरकाला फ म्हणू. मधला अंक वजाबाकीत उडून जातो आणि उत्तर नेहमी ९९ गुणिले फ एवढंच राहतं. त्या उत्तराचे अंक लिहून बघ: फ−१, ९ आणि १०−फ. (फ = ३ घेतलास तर २९७.) आता पुढच्या फेरीत मोठा अंक ९ आणि लहान अंक फ−१ व १०−फ यांतला जो लहान असेल तो. म्हणजे फ जर ६ किंवा जास्त असेल तर नवा फरक फ−१. फ जर ५ किंवा कमी असेल तर नवा फरक १०−फ. संपलं. ९ वरून ८, ८ वरून ७, ७ वरून ६, ६ वरून ५, आणि ५ वरून पुन्हा ५. १ ते ४ मधून निघालेली संख्या आधी उडी मारून वर जाते आणि मग याच शिडीने उतरते. फ = ५ म्हणजेच ९९ × ५ = ४९५. जास्तीत जास्त सहा वजाबाक्या.

एवढं झाल्यावर विद्यार्थी खूश होतात. तेव्हा मी विचारतो, दहाच अंक कशाला? पाया ९ घे, म्हणजे ० ते ८ एवढ्याच अंकांत संख्या लिही. आता उत्तराचे अंक फ−१, ८ आणि ९−फ. फ = ५ घेतलास तर ४८४ येतं, त्याचा फरक ४. फ = ४ घेतलास तर ३८५ येतं, त्याचा फरक ५. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात, स्थिर संख्या मिळतच नाही. मग पाया ८, ७, १२ करून बघायचं, आणि सम पायाला स्थिर संख्या व विषम पायाला दोघांचं चक्र असं अनुमान बांधून ते सिद्ध करायचं. वरची शिडी नीट समजली असेल तर सिद्धता अर्ध्या पानात बसते. पुढे दोन अंक (९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असं चक्र), पाच अंक (एकही स्थिर संख्या नाही), सहा अंक (५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन स्थिर संख्या, शिवाय एक चक्र) असं जाता येतं. इथे गोष्टी पटकन अवघड होतात. मग आपल्याला काय येत नाही हे नेमक्या शब्दांत लिहायचं, आणि मला विचारशील तर ते लिहिणंच सगळ्यांत कठीण.

हे सगळं आधी कुणी तरी केलेलं आहे. पूर्णांकांच्या क्रमिकांचा ऑनलाइन विश्वकोश आहे, नील स्लोन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या संग्रहातून वाढलेला. त्यात स्वतः काढलेले पहिले आठ-दहा आकडे टाकले की कळतं की यावर कुणी काय लिहिलंय. पण आधी स्वतः झटायचं आणि मग शोधायचं, हा क्रम मोडू नकोस. कापरेकरांच्याच देवळाली संख्या घे: जी संख्या कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही ती, जसं १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२. विषम पायात लिहिलं तर प्रत्येक विषम संख्या देवळाली संख्या असते. का, ते सांगत नाही. एसटीत सिन्नर ते नाशिक तेवढा वेळ पुरतो.

कापरेकरांचं नाव घेताना एक गोष्ट खटकते. आपण त्यांची गोष्ट 'कुणाच्या मदतीशिवाय, एकट्याने' अशी रंगवून सांगतो, आणि मुलांना वाटतं संशोधन म्हणजे असंच. त्यांचं काम बरीच वर्षं दुर्लक्षित राहिलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यावर लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. तोवर ते शाळेतून निवृत्तही झाले होते. तो एकटेपणा त्यांनी हौसेने निवडला असेल असं मला वाटत नाही. तुला आज तो पत्करायचं कारण नाही, कारण माणसं भेटायच्या जागा आहेत.

त्यातली पहिली जागा मी निःशंक एमटीटीएस सांगतो. मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च हा कार्यक्रम प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केला, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पाठबळावर. उन्हाळ्यात चार आठवडे, देशात वेगवेगळ्या ठिकाणी, राहणं-जेवण त्यांच्याकडे. स्तर तीन: ओ, एक आणि दोन. एस.वाय. झालेल्यांसाठी ओ. इथे नोट्स उतरवून घ्यायच्या नसतात. शिक्षक विचारतात, 'क्लोज्ड सेट म्हणजे ओपन नसलेला सेट का?' वर्गातली अर्धी मुलं 'हो' म्हणतात. मग ० घेतलेला आणि १ सोडलेला अंतराल फळ्यावर येतो, जो दोन्हीतलं काहीच नाही. मग उदाहरण तुला द्यायला सांगतात. पहिला आठवडा बहुतेकांना आपण मूर्ख आहोत असं वाटण्यात जातो. टॉपर मुलं जास्त हादरतात. परत आलेल्या विद्यार्थ्याला मी वर्गात लगेच ओळखतो, कारण तो 'सर, हे कुठे वापरलं?' असं विचारायला लागतो. आपली सत्र परीक्षा लांबली तर शिबिराच्या तारखांवर आदळते, हे मात्र लक्षात ठेव. अर्ज भरतानाच विभागप्रमुखांशी बोलून घे.

माधव गणित स्पर्धा पदवीच्या मुलांसाठीच आहे. पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून ती घेतात, साधारण जानेवारीत. नंबर नाही आला तरी जुने पेपर सोडवणं हाच मोठा फायदा, आणि वर आलेल्यांना पुढे शिबिरालाही बोलावतात.

इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि इतर दोन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या संशोधकाकडे, विद्यावेतन आणि प्रवासखर्चासह. अर्ज दिवाळीच्या आसपासच्या महिन्यांत असतात. उन्हाळा आला की जागं होणारी मुलं इथे दरवर्षी हुकतात. पात्रता आणि तारखा दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावर बघ, कुणाच्या फॉरवर्डवर विसंबू नकोस. अर्जात काय करायचं आहे ते थोडक्यात लिहायचं असतं. तिथे 'मला लहानपणापासून गणिताची आवड आहे' लिहिलंस तर जागा वाया गेली. 'तीन अंकी कापरेकर प्रक्रिया मी कुठल्याही पायासाठी सोडवली, चार अंकांत सम पायालासुद्धा अडले, आता मॉड्युलर अंकगणित नीट शिकायचं आहे' हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं.

पुणे आणि मुंबई दोन्ही आपल्याला जवळ आहेत, त्याचा उपयोग कर. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापलेलं. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे, विद्यापीठाचा गणित विभाग आहे. मुंबईत पवईला आयआयटी आणि कुलाब्याला टीआयएफआर. मुंबईला सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरलीस तर एखादं व्याख्यान ऐकून रात्री घरी येता येतं. पहिल्या व्याख्यानात दहा मिनिटांनंतर काही कळणार नाही. ते तसंच असतं, शेजारच्या पीएच.डी.वाल्यालाही वीस मिनिटांनंतर कळत नसतं.

या संस्थांमधल्या प्राध्यापकांना थेट ईमेलही करता येतं, पण इथे मुलं घोळ घालतात. एकच मजकूर चाळीस जणांना, वर 'रिस्पेक्टेड सर/मॅडम', खाली गुणपत्रिकेचे स्कॅन. त्याला उत्तर येत नाही आणि यायची अपेक्षाही करू नये. पत्र इंग्रजीत लिही, पण आठ-दहा ओळींचं. कोणत्या वर्षाला आहेस, कोणतं पुस्तक कुठल्या प्रकरणापर्यंत स्वतः वाचलंस, त्यातला कोणता प्रश्न सुटला नाही किंवा कोणता सोडवून आनंद झाला, त्यांच्या कामातलं नेमकं काय पाहून त्यांना लिहितेस, आणि किती आठवडे मोकळी आहेस. स्वतः लिहिलेल्या एखाद्या टिपणाची दोन-तीन पानं जोड. चॅटबॉटकडून लिहून घेतलेलं पत्र वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं, आणि त्याच्याकडून घेतलेल्या सिद्धतेत कुठे तरी 'हे उघड आहे' म्हणून भोक ठेवलेलं असतं. पाच जणांना असं मनापासून लिही. एकाचं उत्तर आलं तरी चांगलं समज.

शिफारसपत्र जवळपास सगळीकडे लागतं. ते वजनदार व्हायचं असेल तर लिहिणाऱ्याला तू माहीत असायला हवीस. 'नियमित हजर, शांत, आज्ञाधारक' हे गुण आईला आवडतात, निवड समितीला त्यातून काही कळत नाही. आतापासून एका शिक्षकाकडे दर आठवड्याला एक प्रश्न घेऊन जा, स्वतः केलेला प्रयत्न कागदावर घेऊन. वर्षभराने त्यांना लिहायला आपोआप मजकूर मिळतो.

हल्ली 'मॅथेमॅटिकल मॉडेलिंग'च्या नावाखाली लासलगावच्या कांद्याच्या भावाला एक सरळ रेषा बसवून प्रोजेक्ट सादर करतात. विषय उत्तम आहे. पण रेषा एक्सेलने बसवली, तर तुझं गणित त्यात कुठे आहे, हे स्वतःला विचार.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगतो. घरून महिनाभर बाहेर राहायची परवानगी मिळते का? मुलींच्या बाबतीत हा अडथळा मी वारंवार बघतो. अशा वेळी शिबिराचं अधिकृत पत्र, वसतिगृहाची माहिती आणि आधी जाऊन आलेल्या मुलीचा घरच्यांशी एक फोन, याचा माझ्या समजावण्यापेक्षा जास्त उपयोग झालेला आहे. सुट्टीत कमवावं लागतं का? मग विद्यावेतन असलेली संधीच बघ, त्यात संकोच कसला. आणि रिअल अ‍ॅनालिसिस व लिनिअर अल्जेब्रा कच्चं असेल तर या उन्हाळ्यात बाकी सगळं सोडून तेवढंच कर. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन संकेतस्थळावर व्याख्यानं फुकट आहेत. दोन मैत्रिणी गोळा करून शनिवारी रिकाम्या वर्गात एकीने फळ्यावर सांगायचं आणि दोघींनी अडवायचं. विभागात कुणी नाही म्हणणार नाही, किल्ली तेवढी शिपाईकाकांना परत द्या.

राहिलं चौथं वर्ष. नव्या आराखड्यात 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि चौथ्या वर्षात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. माझं मत असं: तिसऱ्या वर्षातच जॅम दे, जमल्यास चेन्नई आणि आयएसआयचेही अर्ज भर. चांगल्या ठिकाणी एम.एस्सी. मिळालं तर जा, मागे बघू नकोस. तिथे भोवतालची मुलंच तुला दोन वर्षांत पुढे ओढतील. नाही मिळालं तर चौथं वर्ष घ्यायचं की नाही हे कॉलेज बघून ठरव. मान्यताप्राप्त पीएच.डी. गाइड आहेत का, गेल्या वर्षीच्या मुलांनी प्रकल्पात काय केलं ते वाचायला मिळतं का, आणि ते गाइड आठवड्यातून एक तास तुझ्यासाठी खरोखर बसणार आहेत का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर चौथं वर्ष सोन्यासारखं आहे. नसेल तर ते वर्ष नुसतं फायली रंगवण्यात जाईल, त्यापेक्षा घरी बसून जॅमची पुन्हा तयारी केलेली बरी.